पाय ठीक आहेत, साहेब

संध्याकाळ झाली की मी ओसरीवर बसतो, मोजे काढतो आणि पायाची बोटं एकेक करून दाबून बघतो. दाबलं की बोट पांढरं पडतं, सोडलं की परत लाल होतं. मग बेचक्यांत पावडर टाकतो, मोजे उलटे करून दोरीवर टाकतो. फौजेतून घरी येऊन सात वर्षं झाली तरी ही सवय काही सुटत नाही. बायको आतून ओरडते, "आवं, झाली का मोजून? भरली का धा?" कार्ल्यासारख्या गावात, जिथं निम्मी माणसं पावसाळाभर अनवाणी खाचरात उभी असतात, तिथं एक माणूस स्वतःच्या पायांची रोज अशी सरबराई करतो म्हटल्यावर लोक हसणारच. हसू देत बापडे.

फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोफा आणि धूर. लग्नात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग, किती मारले?" मी म्हणतो, "उंदीर लय मारले." आणि ते काही खोटं नाही. सरहद्दीवरच्या एका डोंगरावर मी दीड वर्ष मोर्च्यात काढलं. मोर्चा म्हणजे छातीइतका खोल खणलेला चर, त्याच्या काठावर मातीची पोती, आणि मागच्या अंगाला पत्रा टाकून केलेलं झोपायचं बीळ. गोळीबार व्हायचा तेव्हा व्हायचा, पण बंदुकीपेक्षा मी फावडं जास्त चालवलं. बाकीचा वेळ स्टोव्हला पंप मारण्यात, बर्फ वितळवण्यात आणि मोजे वाळवण्यात गेला. पण असलं सांगितलं की लग्नातली माणसं लगेच जिलबीकडं वळतात.

माझा जोडीदार कुसगावचा. फौजेत दोघादोघांची जोडी लावून देतात. रात्री एक पहाऱ्यावर तर दुसरा बिळात, दोन-दोन तासांनी अदलाबदल. बिळात जागा एकाचीच, त्यामुळे तो उठला की त्याच्या अंगानं उबदार झालेल्या जागेत मी शिरायचो, मी उठलो की तो. माझ्या बायकोच्या वाट्याला आलो नाही तेवढा मी ह्या माणसाच्या वाट्याला आलो. आणि घोरायचा असा, की समोरच्या डोंगरावरच्या लोकांना आमचा मोर्चा शोधायला दुर्बिणीची गरजच नव्हती. मी तसं म्हटलं की तो म्हणायचा, "आरं, त्ये माजं घोरनं ऐकून घाबरत्यात. त्यांना वाटतंय आमी रनगाडा आनलाय."

आम्ही दोघंही मावळचे, पण फौजेत येईपर्यंत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. हा पठ्ठ्या सगळ्यांना सांगायचा, मी लोणावळ्याचा. मी म्हणायचो, "लोनावळ्याचा कुठला, कुसगावचा हायस तू." त्याला राग यायचा. "आमच्या घराच्या मागनं लोनावळा दिसतंय," असं त्याचं म्हणणं. ह्या फुशारकीचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे सुटीवरून येताना अख्ख्या प्लॅटूनला चिक्की आणणं त्याच्या गळ्यात पडलं. तिथल्या थंडीत ती चिक्की अशी कडक व्हायची की दगडानं फोडावी लागायची, आणि एवढं करूनही एका हवालदाराची दाढ गेलीच. दुसरा परिणाम मला भोगावा लागला. आमचे सुभेदार साहेब सोलापूरकडचे. लोणावळा म्हणजे थंड हवेचं ठिकाण, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं. "तुम्ही थंड हवेच्या गावची माणसं, तुम्हाला काय त्याचं," असं म्हणून त्यांनी ठाण्यातला सगळ्यात खालचा, दिवसभर सावलीत असणारा मोर्चा आम्हाला दिला. मी सांगून बघितलं, "साहेब, आमच्याकडं थंडी पडली की आम्ही कान बांधून फिरतो." साहेब म्हणाले, "मग इथंही बांधा. कोण नको म्हणतंय?"

दिवस कसा जायचा ते ऐका. उजाडायच्या आधी सगळ्यांनी अंगावर सगळा सरंजाम चढवून मोर्च्यात उभं राहायचं. शत्रू येतो तर ह्याच वेळेला, असं आम्हाला शिकवलेलं. आम्ही रोज उभे राहायचो, रोज कुणी यायचं नाही आणि रोज नाक मात्र गळायचं. उजाडलं की चहा. त्या चहाला रॉकेलचा असा वास लागलेला असायचा, की सुटीवर घरी आल्यावर बायकोच्या हातच्या चहात मला काहीतरी कमी वाटायला लागलं. हे मी तिला बोलून दाखवलं आणि दोन दिवस चहाला मुकलो.

मग डाळ. त्या उंचीवर डाळ शिजता शिजत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजून माणूस दमतो, पण दाणा आपला हट्ट सोडत नाही. समोरच्या ठाण्यावरचा त्यांचा स्वयंपाकी जेवण तयार झालं की परात बडवायचा आणि वारा आमच्याकडचा असला की तो आवाज थेट मोर्च्यात यायचा. जोडीदार चमचा खाली ठेवून म्हणायचा, "झालं बग. त्यांचं जेवान झालं पन. त्यांच्यात डाळ शिजती जनू." त्या परातीचा त्याला जेवढा राग होता, तेवढा त्यांच्या बंदुकांचा नव्हता. एकदा तीन दिवस परात वाजली नाही, तेव्हा मात्र हाच अस्वस्थ. "आजारी बिजारी पडला का काय त्यो?" असं दोनदा म्हणाला. चौथ्या दिवशी परात वाजली आणि ह्यानं लगेच शिव्या द्यायला सुरुवात केली.

बिळात एक उंदीर होता. तो आमच्या आधीपासून तिथं राहत होता, त्यामुळं खरं तर भाडेकरू आम्हीच. त्यानं आमचे साबण खाल्ले, दाढीचा ब्रश खाल्ला, एका मोज्याचा अंगठा खाल्ला. चिक्कीला मात्र त्यानं कधी तोंड लावलं नाही, त्यालाही दात प्यारे असणार.

आठवड्यातून एकदा फोनची पाळी यायची, पाच मिनिटांची. त्यातली दोन "ऐकू येतंय का, येतंय का" ह्यात जायची. उरलेल्यात बायको विचारायची, "जेवला का?" मी म्हणायचो, "जेवलो." ती विचारायची, "काय व्हतं?" मी म्हणायचो, "डाळ." दर आठवड्याला हेच. एवढं बोलून झालं तरी मला दिवसभर बरं वाटायचं.

आता आम्ही केलेला पराक्रम सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दिवाळीच्या तोंडावर तिथं पावसाची झड लागली. पाऊस म्हटल्यावर आम्ही दोघं फॉर्मात आलो. अख्ख्या ठाण्यात पावसातलं कळतं ते आम्हालाच, बाकी सगळे कोरड्या मुलखातले. आमच्या मोर्च्याची खालच्या अंगाची माती वाहून चालली होती. साहेब म्हणाले, "माती धरा आणि पाण्याची काहीतरी व्यवस्था लावा." मी म्हटलं, "साहेब, पाण्याचं तुम्ही आमच्यावर सोडा." माझे वडील गावात बांध घालायला नावाजलेले. भर आषाढातसुद्धा त्यांनी घातलेला बांध फुटायचा नाही. मी वडिलांच्या ऐटीत कमरेवर हात ठेवून मापं सांगितली, जोडीदारानं चिखल तुडवला. आम्ही खालच्या अंगाला दगड रचले, चिखलानं सांधे बुजवले, तळ पायानं चेपून चेपून घट्ट केला आणि पाणी बाहेर जायला वाट ठेवली. दिवसभर खपलो. संध्याकाळी साहेब बघायला आले तेव्हा आम्ही दोघं छाती काढून उभे.

साहेबांनी खाली बघितलं. मोर्च्यात चार अंगुळं पाणी साठलेलं होतं. एकदम एका पातळीत, नितळ, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही.

झालं होतं असं, की पाणी बाहेर जायची वाट आम्ही तळाला ठेवायच्या ऐवजी चार अंगुळं वर ठेवली होती. भाताच्या खाचराला ती तशीच ठेवतात. रोपाच्या पायाशी तेवढं पाणी राहावं आणि जास्तीचं निघून जावं म्हणून. आमच्या हातांना लहानपणापासून तेवढंच येत होतं. पाणी बाहेर काढायचं काम सांगितलं होतं आणि आम्ही ते नीट, निगुतीनं आत अडवून ठेवलं होतं.

साहेबांनी पाण्यात बोट उभं धरून खोली मोजली. मग म्हणाले, "झकास. खालून इंद्रायणीची रोपं मागवू का?" त्या दिवसापासून ठाण्यात आमचं नाव आवणीवाले, म्हणजे भात लावणारे, पडलं. जो तो येता-जाता विचारायचा, "काय आवणीवाले, कापणी कधी?" जोडीदार त्यांना म्हणायचा, "पेंढा लागंल तेवढा घिऊन जा." हसता हसता आमची मुरकुंडी वळली.

बांध आम्ही लगेच फोडला. पण तळ आम्हीच तुडवून असा घट्ट केलेला, की त्यात पाणी जिरेना. वरून पाऊस चालूच. मोर्च्याचं खालचं टोक म्हणजे जोडीदाराची दिवसाच्या पहाऱ्याची जागा. माझी जागा वरच्या टोकाला, दगडावर. तो बूट भिजवत उभा राहायचा आणि मी कोरड्यात. दोन दिवसांनी वारा फिरला, पावसाचं बर्फ झालं आणि हसणं थांबलं.

थंड ठाण्यांवर पायांची एक रीत असते. रोज संध्याकाळी मोजे काढायचे आणि जोडीदाराचे पाय बघायचे, स्वतःचे नाही. त्यानं माझी बोटं दाबायची, मी त्याची. रंग परत येतो का, सूज आहे का, बधिर झालंय का, ते बघायचं. मग साहेब मोर्च्याच्या तोंडाशी येऊन एकच शब्द विचारायचे, "पाय?" तेव्हा मी सांगायचं त्याच्या पायांचं आणि त्यानं माझ्या पायांचं. "पाय ठीक आहेत, साहेब." स्वतःच्या पायांबद्दल स्वतः बोलायची परवानगीच नाही. कारण दुखणं लपवण्यात फौजीचा हात कुणी धरणार नाही, हे ज्यानं कुणी ती रीत पाडली त्याला चांगलं माहीत होतं.

बर्फ पडलं त्या संध्याकाळी मी त्याच्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं दाबली. पांढरी पडली. सोडली, तरी पांढरीच.

"सांगू नको," तो म्हणाला.

त्याला एवढी गळ का घालावी लागली, ते मला ठाऊक होतं. सहा दिवसांनी खाली नायकाच्या बढतीचा कोर्स सुरू होणार होता आणि त्याचं नाव यादीत आलं होतं. इतकी वर्षं ते यायचं आणि काही ना काही होऊन राहायचं. वयाच्या हिशेबानं ही शेवटचीच संधी. पायाचं कळलं असतं तर डॉक्टरनं तब्येतीची कॅटेगरी खाली केली असती आणि नाव यादीतून गेलं असतं. गेल्या फोनच्या पाळीत तो बायकोला सांगून बसला होता आणि तिनं, बायकोच ती, कुसगावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. "नायक झालो की खालच्या टोकाला हुबं ऱ्हायाचं न्हाई. सा दिस काड फकस्त," तो म्हणाला. "शप्पत घे." मी घेतली. साहेब आले. मी म्हणालो, "पाय ठीक आहेत, साहेब."

मी पहाऱ्याच्या जागा बदलल्या, त्याला कोरड्यात पाठवलं. त्याचे पाय माझ्या सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून बसलो. मोहरीचं तेल चोळलं. माझे कोरडे मोजे त्याला दिले. दुसऱ्या संध्याकाळी सूज आली होती. "पाय ठीक आहेत, साहेब." तिसऱ्या संध्याकाळी तो खुशीत म्हणाला, "आता दुखत न्हाई बग. कायबी कळत न्हाई तितं." दुखायचं थांबणं म्हणजे काय, ते आम्हाला शिकवलेलं होतं. तरी मी तेच म्हणालो. चौथ्या संध्याकाळी बोटं काळी-निळी दिसायला लागली होती आणि साहेब मोर्च्याच्या तोंडाशी जरा जास्त वेळ थांबले. तरी मी तेच म्हणालो. चार वेळा. आवाज एकदाही हलला नाही, ह्याचंच मला आज आश्चर्य वाटतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो चहा घ्यायला उठला आणि दोन पावलं टाकून खाली बसला. मी त्याला काही न सांगता वर गेलो आणि साहेबांना म्हणालो, "साहेब, पाय ठीक नाहीत." साहेब धावत आले, बूट काढला, बघितलं आणि माझ्याकडं न बघता वायरलेसवाल्याला हाक मारली. दुपारी हेलिकॉप्टर आलं. चौघांनी त्याला उचलून नेलं. मी त्याची पिशवी घेऊन मागं मागं गेलो. आत ठेवताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं तोंड पलीकडं फिरवलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हेलिकॉप्टर गेलं, मी पिशवी हातात घेऊन तसाच उभा. ती द्यायचीच राहिली होती.

त्याची दोन बोटं गेली आणि नायकाची फीत गेली ती गेलीच. त्याला खाली कुठल्याशा भांडारात लावलं, तिथूनच तो शिपाई म्हणून निवृत्त झाला. माझ्या मनानं घेतलं की हा माणूस आपल्यावर कायमचा चिडला. शपथ मोडली मी. दोन दिवस आणखी गप्प बसलो असतो तर तो कोर्सला गेला असता, असं रात्रंदिवस वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात जरासा अभिमानही होता. शेवटी मोडली, पण चार दिवस तरी आपण मैत्री राखली, असा.

मी निवृत्त होऊन कार्ल्याला आलो तेव्हा तो कुसगावातल्या एका हॉटेलच्या फाटकावर सिक्युरिटीला आहे असं कळलं. तेव्हापासून लोणावळ्याला जायचं म्हटलं तरी मी त्या रस्त्याला गाडी घालायचो नाही. लांबचा वळसा पडला तरी चालेल. बायको मागं बसून म्हणायची, "त्या रस्त्यावर वाघ हाय का काय?" मी खड्ड्यांची सबब सांगायचो. सहा वर्षं खड्ड्यांवर निभावलं. मग गेल्या वर्षी तिच्या भाचीचा साखरपुडा ठरला, तो नेमका त्याच हॉटेलात.

निळा गणवेश, गळ्यात शिट्टी, पोट सुटलेलं. लांबूनच ओळखला. त्यानं आमच्या मोटारसायकलीला हात केला आणि ओळख नसल्यासारखा म्हणाला, "टू-व्हीलर तिकडं. मागं घ्या." मी मागं घेतली. "आनखी मागं." घेतली. "आनखी." मागचं चाक जास्वंदीच्या वाफ्यात गेलं तेव्हा त्यानं शिट्टी वाजवली. "आता बरुबर. सा वर्सं रस्ता गावत नव्हता व्हय रं?" बायको माझ्याकडं बघायला लागली. तो तिला म्हणाला, "वैनी, तुमी जावा वर, पुडल्या पंगतीपातुर धाडतो ह्याला."

त्यानं मला त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. मी चहा हातात धरून बसलो. पितोय कोण! शेवटी विचारलं, "राग गेला का?"

"कसला राग?"

"मी साहेबांना सांगितलं त्याचा. तुझी फीत गेली."

तो असा हसला की बाहेरचा माळी आत डोकावला. "आरं येड्या! तू सांगितलंस त्याचा राग? इतकी वर्सं ह्योच इचार करत बसलास?"

"मग हेलिकॉप्टरपाशी तोंड का फिरवलंस?"

"रडत हुतो. तुज्याम्होरं रडलो असतो तर सांजच्याला अख्ख्या ठान्याला सांगितलं असतंस."

ते खरं होतं, सांगितलंच असतं. मी पण हसायला लागलो. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणून चहाचा घोट घेतला. तो मात्र आता हसत नव्हता. बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाला, "राग हाय. पन त्यो येगळा. चार दिस का लावलंस?"

मी कप खाली ठेवला. मग म्हणालो, "तूच म्हणालास सांगू नको. शपथ घातलीस."

"मी घालनारच की! मला नुसती फीत दिसत हुती. मला पाय दिसतच नव्हता. म्हनून तर जोडीदारानं बघायचा असतो न्हवं?" तो वाकला, बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि पाय माझ्यासमोर धरला. तीन बोटं आणि पुढं गुळगुळीत, चकाकणारी कातडी. "दवाखान्यातला डाक्टर म्हनला, दोन दिस आदी आला असतास तर दोन्ही ऱ्हायली असती. म्हनला, रोज तपासत न्हवतं का कुनी?"

"मग?" मी विचारलं.

"म्हनलं, जोडीदार रोज मागायचा, मीच दाखवलं न्हाईत. त्येनं कागदावर तसंच लिवलं. दुखनं लपवलं म्हनून." तो मोजा झटकत म्हणाला, "तुजं नाव सांगितलं असतं तर तुजी फीत बी गेली असती की. दोगांची घालवून काय करायचं हुतं?"

पुढं मला नायकाची फीत मिळाली होती. हवालदाराचीही मिळाली. घरात फोटो आहे, दोन्ही दंडांवर फिती लावलेला, बायकोनं हौसेनं मोठा करून घेतलेला. ह्या माणसानं एका वाक्यात ते सगळं माझ्या वाट्याला ठेवलं होतं, आणि मी मात्र त्याचं तोंड चुकवायला वळसे घालत होतो. मला माझी भयंकर लाज वाटली. चार दिवस मैत्री राखली म्हणे! त्या चार दिवसांत मी त्याची बोटं घालवली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे मी आजवर कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

मला वाटलं, तो म्हणेल जाऊ दे. सगळे असंच म्हणतात. तो म्हणाला, "व्हय. चुकलं तुजं." आणि बशीतला चहा ओढून संपवला. त्यानं ते असं सरळ म्हटलं, म्हणूनच मला जरा श्वास घेता आला.

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. पुण्याची गाडी होती, टपावर बॅगा, आणि आतला माणूस हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. जोडीदार गडबडीनं मोजा चढवायला लागला. घाईत तो उलटा जात होता. मी उठलो.

"आरं बस, माजी ड्यूटी हाय ती!"

"तू मोजा नीट घाल आधी," मी म्हटलं आणि जाऊन फाटक उघडलं.